प्रस्थानाची पिशवी

॥ श्री ॥

तोआ पायोह, सिंगापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०१४

चि. सौ. विद्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचा निरोप विश्वासकडून कळला असेलच. पण तुझा मुलगा माझ्या दहा वाक्यांचं एक करून तुला सांगतो, तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू कपाटात ठेवून देतेस. तेव्हा आपलं पत्रच बरं. इथल्या पोस्टातल्या मुलीने पाकिटावरचं कऱ्हाड तीनदा वाचून बघितलं आणि नाद सोडला.

राजसचं घर अकराव्या मजल्यावर आहे. खाली उतरलं की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली पन्नास खानावळी. तिथे माझ्याच वयाचे चिनी म्हातारे सकाळपासून कॉफी घेऊन बसतात. मीही जाऊन बसतो. भाषा येत नाही, पण पेन्शनर माणूस पेन्शनराला ओळखतो. राजस सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, वन-नॉर्थला ऑफिसला जातो तो दिवस मावळल्यावर येतो. अनघा माझं पथ्यपाणी नीट बघते. मैत्रेयी पाचवी पास होईल आता. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी लाह लावते, की मला वाटतं काही तरी लाडाचं बोलली.

दोन बिल्डिंगा सोडून रविंद्र आणि स्वप्नाली म्हणून आपल्याकडचं जोडपं राहतं. रविंद्र जुरोंग आयलंडवर कारखान्यात आहे. चांगला मुलगा आहे, काका काका करतो. मी पंचांग आणलंय कळल्यावर स्वप्नाली एकादश्या उतरवून घेऊन गेली. इथली वेळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे तिथी लागण्या-सुटण्याचा हिशेब मला रोज वहीत करावा लागतो. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाण्याचे हिशेब केले, आता तिथींचे करतो.

दुसऱ्या कुणाचं तू काही लिहीत नाहीस, मीही विचारत नाही. दिलीपरावांना नमस्कार. विश्वासला म्हणावं, आईशी मोठ्याने बोल पण ओरडू नकोस.

आठवण रोज दुपारच्या चहाला निघते, ती तशीच निघत राहो.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

कऱ्हाड
भाऊबीज, शनिवार, २५ ऑक्टोबर २०१४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आज दोन पाट मांडले. तुझ्या पाटावर तुझा लग्नातला फोटो ठेवला, केस असलेला. निशीच्या पाटावर नेहमीप्रमाणे सुपारी. दोघांनाही ओवाळलं. तेवीस वर्षं मी दुसरा पाट मांडतेय आणि तेवीस वर्षं तू त्याच्याकडे बघून लाडू छान झालेत म्हणतोस. यंदा तू समोर नाहीस म्हणून लिहायचं धाडस होतंय.

"दुसऱ्या कुणाचं" म्हणजे निशीचंच ना? नाव लिहायला शाई कमी पडली का तुला? तर ऐक. निशी फार आजारी आहे. छातीत सारखं पाणी होतंय, दोनदा काढलं. आता तिकडे व्हिएतनामात हायफाँगच्या डॉक्टरांनी घरी पाठवलंय. घरी पाठवलंय याचा अर्थ तुला सांगायला नको. त्याची बायको लान सगळं करते. मी तिला कधी बघितलं नाही, पण निशीच्या प्रत्येक पत्राखाली ती देवनागरीत "विद्याताई नमस्कार" असं गिरवते. अक्षर बालवाडीतलं आहे, पण अठरा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही.

आई गेली तो दिवस तू विसरला नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी एकदा लिहिते. निशीची बोट मुंबईला लागलेली होती. त्याने सकाळी पोस्टात फोन करून सांगितलं, मी निघालोय, सहापर्यंत पोचतो, मला आईचं तोंड बघू दे, थांबा. गुरुजी म्हणाले दोनला पंचक लागतंय, त्याच्या आत आटपा. तू साडेबाराला उचललंस. निशी एसटीतून उतरला आणि बॅग हातात घेऊन थेट घाटावर गेला. राखेला हात लावून परत आला, अंगणात उभा राहिला आणि तुला म्हणाला, दादा, एक संध्याकाळ थांबला नाहीस. पाणीसुद्धा न पिता गेला. त्यानंतर ना तो आला ना तू बोलावलंस.

मी तेव्हा गप्प बसले, कारण तू मोठा. आता मीच त्रेसष्ट वर्षांची झाले. दरवर्षी तू ओवाळणीत पाकीट घालतोस. यंदा पाकीट नको. यंदा मला ओवाळणी म्हणून तू हायफाँगला जायला हवंस. कऱ्हाडहून जा म्हटलं असतं तर तू गुडघ्यांचं कारण सांगितलं असतंस. सिंगापूरहून हनोई साडेतीन तासांवर आहे, विश्वासने बघितलंय.

रागावलास तर राग, पण जा. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे म्हणून मागते.

तुझी,
विद्या


॥ श्री ॥

तोआ पायोह, सिंगापूर
बुधवार, ५ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. विद्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं आणि पंचांगात ठेवून दिलं. रागावलो नाही. रागवायला तोंड नाही.

एवढंच सांगतो की मी घाई केली नव्हती, मी घाबरलो होतो. पंचकात केलं तर घरातली आणखी पाच माणसं जातात असं गुरुजी म्हणाले. राजस तेव्हा लहान होता, तापाने फणफणला होता. मी माणसं मोजत बसलो आणि निशीला त्यात धरलंच नाही. असो. लिहून सारवासारव केल्यासारखं वाटतं.

जायचं ठरवलंय. आधी मी मैत्रेयीला म्हटलं, रेल्वेने जाता येईल का ते बघ. तुला माहीत आहे मला रूळ दिसले की बरं वाटतं. तिने कागदावर सगळं काढून दिलं. इथून मलेशियातून बँकॉकपर्यंत रेल्वे आहे. पुढे कंबोडियात धड रूळ नाहीत, तिथे बस. बसने सैगाव. सैगावहून हनोई पुन्हा रेल्वे, दीड दिवस. मग हायफाँगची गाडी. सगळं जुळून आलं तर सहा दिवस. मी तिला म्हटलं हे छान आहे. तर ती म्हणाली, कान्ट लाह आजोबा, ते आजारी आहेत ना. मग मला कळलं की मी सहा दिवसांचा रस्ता का पसंत करत होतो. तू इथे असतीस तर आधीच ओळखलं असतंस.

तेव्हा विमान. व्हिसा वकिलातीतून पासपोर्टावर चिकटवून मिळतो, तो चौदाला मिळेल. पंधराच्या विमानात जागा होती. पण मी म्हटलं निशीला आधी पत्र टाकू, त्याचं उत्तर येऊ दे. तेवीस वर्षांनी बोलावल्याशिवाय दारात कसं उभं राहायचं? राजस म्हणाला बाबा, फोन लावून देतो. मी नको म्हटलं. फोनवर काय बोलणार होतो? म्हणून बावीसचं तिकीट काढलं, शनिवार सकाळचं. काढल्यावर बघितलं तर अमावास्या. तारीख बदल म्हणणार होतो, पण राजसने माझ्याकडे असं बघितलं की मी पंचांग मिटलं.

निशीला पत्र काल टाकलं. चार ओळींचं झालं, त्याला दोन तास लागले.

ओवाळणी उशिरा पोचतेय, पण पोचतेय. तोवर धीर धर आणि माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


हायफाँग
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०१४

ती. दादास निशिकांतचा सा. न.

हात थरथरतो म्हणून अक्षर असं. लानने कागदाखाली पोळपाट धरलाय. होय, पोळपाट. मी इथे पोळ्या करायचो, आता ती करते, आकार व्हिएतनामच्या नकाशासारखा येतो.

तुझं अक्षर बघून मला हसू आलं. अजून तसंच, रजिस्टरमधल्यासारखं. चार ओळी आणि त्यात कंसात "(अमावास्या आहे)". दादा, तू सुधारणार नाहीस. पण तू अमावास्येलासुद्धा निघतोयस हे मला कळलं. ते लानला समजावून सांगायला अर्धी दुपार गेली.

रस्ता सांगतो. हनोईच्या विमानतळावर लानचा भाचा मिन्ह तुझ्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. त्याच्याबरोबर बस घेऊ नकोस. इथले बसवाले हॉर्नने कान किटवतात. हायफाँगची रेल्वे धर, अडीच-तीन तास लागतात. हनोई सोडताना मोठ्या नदीवरचा जुना लोखंडी पूल लागेल, तो बघ, तुझ्यासाठीच ठेवल्यासारखा आहे. पुढे भातखाचरं. डाव्या बाजूला बस म्हणजे उन्ह लागणार नाही. स्टेशन पिवळं आहे, घर तिथून चालत दहा मिनिटं.

तुला आठवतं, बोटीवर रुजू व्हायची तारीख वाईट दिवशी आली की आई माझं प्रस्थान ठेवायची? चांगला दिवस बघून एक-दोन दिवस आधीच शेजारी काशीकाकूंकडे पिशवी नेऊन द्यायची. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि माझं सीडीसी, ते खलाशाचं ओळखपुस्तक, ज्याच्याशिवाय बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. मी म्हणायचो आई, ते हरवलं तर नोकरी जाईल. ती म्हणायची, ज्याच्यावाचून जाणं अडतं तेच पुढे पाठवायचं, म्हणजे आपण निघालोच. मग निघताना ती पिशवी उचलायची आणि मागे वळून बघायचं नाही. तूही तसं ठेव, तुझ्या जिवाला बरं वाटेल. पण ये.

त्या दिवसाचं बोलायचं नाही असं मी म्हणणार नाही. भांडायला आता छातीत वारा नाही. मला एकच विचारायचंय. शेवटी आईचा चेहरा कसा होता? विद्याला विचारलं तर ती लिहिते, शांत होता. शांत म्हणजे काय? सगळे तेच म्हणतात. तू तिच्या उशाशी होतास. तू बारकाईने बघणारा माणूस आहेस, तू सांग.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या गाडीची वाट बघतो. मी दाढी करून बसतो.

तुझ्या आशीर्वादाचा अजून गरजू,
निशी


॥ श्री ॥

तोआ पायोह, सिंगापूर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०१४

चि. सौ. विद्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितो. निशीचं पत्र काल आलं. त्याने मला ये म्हटलंय, विद्या. दाढी करून बसतो म्हणालाय.

आज वद्य त्रयोदशी, गुरुवार, दिवस स्वच्छ आहे. म्हणून सकाळी प्रस्थान ठेवलं, आई ठेवायची तसंच. हायफाँग उत्तरेला, आणि रविंद्रची बिल्डिंग आमच्या उत्तरेलाच. सुपारी आणि हळकुंड मी घरूनच आणलं होतं. तांदूळ अनघाने दिले. स्वप्नाली मुलांना घेऊन सुट्टीला पुण्याला गेलीय, रविंद्र एकटाच आहे. त्याला सांगितलं, शनिवारी सकाळी सातला विमानतळावर जाताना पिशवी उचलतो. तो म्हणाला काका, मी असेनच घरी, सुट्टी आहे माझी.

पासपोर्ट त्या पिशवीतच ठेवलाय. आई सीडीसी ठेवायची ना. राजसला बोललो नाही, उगाच हसेल.

पाठवणी तूच केलीस असं समज, आणि अशीच करत राहा.

तुझा,
दादा


हायफाँग
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. विद्यास आशीर्वाद.

निशी गेल्याचं तुला राजसने विश्वासकरवी कळवलंच आहे. विश्वासने एका वाक्यात सांगितलं असेल. बाकीचं मी लिहितो, आणि तू काहीही न गाळता वाच.

शनिवारी सकाळी सातला मी आणि राजस रविंद्रच्या दारात. कुलूप. फोन लागेना. शेजारच्या मलय बाई म्हणाल्या, तो पहाटेच कंपनीच्या बसने गेला. कारखान्यात काही बिघाड झाला म्हणून त्याला बोलावलं होतं. राजस म्हणाला जाऊ द्या बाबा, सुपारी-तांदूळ तर आहेत, चला. मला सांगावं लागलं की पासपोर्ट आत आहे. तो जिन्यात पायरीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आम्ही टॅक्सी करून जुरोंग आयलंडच्या नाक्यापर्यंत गेलो. पासशिवाय आत सोडत नाहीत. रविंद्रचा मोबाइल कारखान्याच्या फाटकावर ठेवून घेतलेला, आत नेता येत नाही. निरोप पाठवला तो त्याच्यापर्यंत पोचता पोचता दुपार झाली. साडेनऊला विमान गेलं. चारला रविंद्र धावत बाहेर आला, रडवेला झाला होता. म्हणाला काका, आत पासपोर्ट आहे एवढं सांगितलं असतंत तर मी खिशात घेऊन फिरलो असतो. त्याचा काय दोष? काशीकाकू दिवसभर उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या. मी ती पिशवी कुलूप लागणाऱ्या घरात ठेवली आणि वर लपवाछपवी केली.

दुपारी राजसने लानला फोन लावून सांगितलं. निशी जागा होता, राजसने फोन माझ्यापुढे धरला. विद्या, मी घेतला नाही. म्हटलं उद्या समोरच भेटतो, तेव्हा बोलू. लाज वाटली मला. पासपोर्ट कुठे अडकला हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू असं झालं. राजसनेच सांगितलं.

रविवारी त्याच वेळच्या विमानात जागा मिळाली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. हनोईला मिन्ह होता, वीस-बावीसचा, पाटीवर माझं नाव बरोबर. त्याने माझी बॅग घेतली, आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. गाडीत डाव्या बाजूला बसवलं. तो लोखंडी पूल आला. मी बघितला. मग मिन्हकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं. निशी पहाटेच गेला होता. राजसला विमानतळावर मला सोडतानाच माहीत होतं. तो म्हणतो, सांगितलं असतं तर तुम्ही चढला नसतात. खरं असेल.

पुढे अडीच तास भातखाचरं. कापणी झालेली होती.

स्टेशनवरून घरी गेलो तेव्हा सहा वाजून गेले होते. दारात माणसं उभी होती, सगळी बाजूला झाली. लान पुढे आली. लहानखुरी बाई आहे, केस पांढरे झालेत. मला म्हणाली, दादा, बसा. एवढं मराठी. मग मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते मिन्हने अर्धं पुरं केलं, ते असं.

यांच्याकडेही मुहूर्त असतो. पेटी बंद करायची वेळ बघून ठरवतात, ती चुकली तर घराला त्रास होतो असं मानतात. लानचा काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, त्याच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही असते, तिथीवार लिहिलेली. त्याने सांगितलं, दुपारी एक ते तीन, त्याच्या आत बंद करा, नंतर चार दिवस चांगली वेळ नाही. लान नाही म्हणाली. म्हणाली, याचा मोठा भाऊ वाटेत आहे, त्याला तोंड बघू दे. काका रागावला, बहिणी रडल्या, शेजारच्यांनी समजावलं. ती पेटीच्या कडेला हात ठेवून उभी राहिली आणि तीन वाजून जाऊ दिले. चार वाजून जाऊ दिले. पेटी उघडी ठेवली माझ्यासाठी.

मिन्हने खुर्ची आणली. तो काका कोपऱ्यात वही घेऊन बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या जागी मी बसलोय असं मला वाटलं.

लानने शनिवारचं सांगितलं. निशीने सकाळी दाढी करून घेतली, निळा शर्ट घातला. राजसचा फोन आल्यावर, पासपोर्ट प्रस्थानाच्या पिशवीत अडकला कळल्यावर, तो खोकला येईपर्यंत हसला. "आईची पिशवी" असं दोनदा म्हणाला. लानला अर्थ कळला नाही, तिने शब्द पाठ करून ठेवले होते आणि मला विचारले. मग संध्याकाळी त्याने सहाची गाडी आली का म्हणून विचारलं. आज नाही, उद्या, असं सांगितलं तर म्हणाला, थांबतो. त्याने प्रयत्न केला ग.

मग मी त्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसलो आणि त्याने विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. मोठ्याने, मराठीत. सगळे ऐकत होते, कुणाला कळत नव्हतं. हे मी तुलाही कधी सांगितलेलं नाही, आता लिहितो. आईचा चेहरा शांत नव्हता. तिचा डावा डोळा मिटत नव्हता. मी दोनदा हाताने मिटवला, दोनदा तो उघडला. काशीकाकू हळूच म्हणाल्या, दीना, ती वाट बघतेय, थांब. ते फक्त मी ऐकलं. तुळशीचं पान ठेवून डोळा झाकला आणि मी उचला म्हणालो. पंचक लागायला तेव्हा दीड तास होता. पण मी ते लागल्यावरही थांबायला हवं होतं.

निशीचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

सोमवारी सकाळी दहन झालं. लानने मला पुढे केलं, मी तिला बरोबर घेतलं. अस्थी दोन भांड्यांत ठेवल्यात, एक इथे राहील आणि एक ती कऱ्हाडला घेऊन येणार म्हणते. कधी येऊ असं तिने मला विचारलं. काकाही वही उघडून बसला होता, मी काय सांगतो ते बघत. मी म्हटलं, विद्याला विचारून सांगतो.

तूच सांग. मला आता दिवस काढता येत नाही. तू मला मोठा म्हणतेस, म्हणत राहा, पण त्याला साजेसं मी काही केलं नाही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

कऱ्हाड
सोमवार, ८ डिसेंबर २०१४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं प्रस्थानाचं पत्र मला सोमवारी, एक तारखेला मिळालं. निशीला जाऊन आठवडा झाला होता आणि त्यात तू लिहिलेलं, दाढी करून बसतो म्हणालाय. ते वाचून मी इतकी रडले की दिलीपरावांनी डॉक्टरांना बोलावलं. हायफाँगचं पत्र परवा आलं. काही न गाळता वाचलं, तू म्हणालास तसं.

तुला वाटत असेल मी आता तुझं सांत्वन करीन. नाही करत. तू आईच्या बाबतीत चुकलास, आणि पंधराचं विमान सोडलंस तेव्हाही चुकलास. पिशवीचं मी चूक म्हणणार नाही, ती आईच्या आठवणीने ठेवलीस आणि निशी त्यावर हसला. त्याला शेवटी हसवलं ते तूच. पण फोन घ्यायला हवा होतास रे. त्याला तुझा आवाज तरी मिळाला असता.

डोळ्याचं तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी तेवीस वर्षं त्याला शांत शांत म्हणून लिहीत राहिले. मी तेव्हा स्वयंपाकघरात तोंड लपवून बसले होते, आईकडे बघायची मला हिंमत झाली नाही. म्हणजे मीही खोटंच लिहीत होते. तू एकटा नाहीस, एवढं मनात धर.

लानला कळव, कधीही ये. दिवस विचारू नकोस, आम्ही सांगणार नाही. अमावास्या असो, पंचक असो, ती एसटीतून उतरेल तेव्हा मी स्टँडवर असेन. घाटावर तू तिच्याबरोबर जायचंस आणि ती म्हणेल तितका वेळ थांबायचंस. राजसला सांग, तुझा पासपोर्ट तोवर त्याच्या कपाटात ठेवायला.

ओवाळणी पोचली. पुढच्या भाऊबीजेलाही मी दोनच पाट मांडणार आहे. एकावर तू. दुसऱ्यावर सुपारी ठेवणार नाही, लान असली तर तिला बसवीन आणि ओवाळीन. लोक म्हणतील बाईला कशी ओवाळते. म्हणू देत. माझा एक भाऊ माझ्या दुसऱ्या भावासाठी थांबला नव्हता, आणि ती थांबली.

जेवत जा. लानला येताना निशीचा पोळपाट आणायला सांग, आणि या बहिणीला मनातून उतरवू नकोस.

तुझी,
विद्या